चौदा वर्तुळं

टेंभुरखेडच्या नव्या गावठाणाच्या कागदावर सही करायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि हे मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात चारचौघांत सांगितलं होतं. आता लाज वाटते, पण सांगते. चूक माझी, तर गोष्टही मीच सांगावी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावील.

मी द्वारका दराडे. वय पंचावन्न. हुद्दा लांबलचक आहे, पण गावोगाव मला ‘खालचं बघणारी बाई’ म्हणूनच ओळखतात. भूमिगत वारसा कायदा आल्यापासून राज्यात रस्ता, तलाव, कारखाना, काहीही बांधायचं झालं तर आधी जमिनीखाली काय दडलंय ते तपासावं लागतं. ‘खाली जतन करण्याजोगं काही नाही’ असा दाखला मिळाल्याशिवाय कुदळ मारता येत नाही. मराठवाड्यातल्या चार जिल्ह्यांचे दाखले माझ्या सहीनं निघतात. मोठमोठ्यांचे फोन येतात. मी उचलत नाही.

तपासायचं ते उडवून. आमच्या ड्रोनच्या पोटाला एक गोल पिंप बांधलेलं असतं, त्याला सगळे भोपळा म्हणतात. भोपळ्यात हवा नसते. लेझरनं गारठवून जवळपास जागीच थांबवलेले रुबिडियमचे काही लाख अणू त्यात वरून सोडतात आणि ते कसे पडतात ते मोजतात. पृथ्वी आपल्याला खाली ओढते, पण सगळीकडे अगदी सारखी ओढत नाही. खाली भरीव दगड असेल तर ओढ किंचित जास्त, पोकळी किंवा भुसभुशीत भराव असेल तर किंचित कमी. फरक अब्जांशातला, पण गारठलेल्या अणूंना तो कळतो. वाऱ्यानं ड्रोन हलतो त्याचा धक्काही त्यांना बसतोच. म्हणून एकावर एक असे अणूंचे दोन ढग सोडायचे आणि त्यांच्या पडण्यातला फरक तेवढा घ्यायचा. धक्का दोघांना सारखाच बसलेला असतो, तो वजाबाकीत जातो. शेतावरून चार-सहा फेऱ्या मारल्या की ढेकूळही न हलवता खालचा नकाशा हातात.

या विद्येत एक खोट आहे, आणि ती नव्या मुलामुलींना शिकवायचं कामही माझंच. लहान वस्तू उथळ असो की मोठी वस्तू खोल असो, भोपळ्याला दोन्ही जवळपास सारख्याच जाणवतात. म्हणून यंत्र दोन्ही उत्तरं समोर ठेवतं आणि निवड माणसावर सोडतं. टेंभुरखेडला तो माणूस मी होते.

खरं तर ते गाव मी दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं. माझी थोरली बहीण मथुरा, आमची अक्का, टेंभुरखेडलाच दिलेली. दोन हजार एक्केचाळीसच्या पुरात ते गाव गोदावरीनं धुऊन नेलं. आमचे दाजी म्हशी सोडायला म्हणून गोठ्यात गेले ते परत आले नाहीत. चौथ्या दिवशी सापडले, गोठ्यातच, गाळाखाली. तेव्हापासून दोनशे बारा कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की अक्का दुपारभर ओलं पोतं डोक्यावर घेऊन बसायची. अशात नव्या गावठाणासाठी नदीच्या वरच्या अंगाची सपाट मळई, म्हणजे नदीकडची मऊ मातीची जमीन, ठरली, दाखल्यासाठी फाईल माझ्याकडे आली, आणि मी ती कुणाला दिली नाही. दुसरा कुणी शंका काढत बसला असता. मला अक्काला लवकर घर द्यायचं होतं.

नकाशात चौदा वर्तुळं दिसली. हलक्या भरावाची, माणूस मावेल एवढी. यंत्रानं दोन उत्तरं दिली: लहान आणि उथळ, नाहीतर मोठी आणि साडेतीन मीटर खोल. मी हसले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोरीला जमिनीतलं गोल कसलं ते सांगावं लागतं होय? ती पेवं! जमिनीखाली खणलेली धान्याची कोठारं. तोंड लहान, पोट मोठं, आतून कडबा लावून वर माती लिंपलेली. माझ्या आजोबांचं पेव होतं, वडील त्यात उतरलेले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पेवं म्हणजे काही वारसा नव्हे. शहरात शिकलेल्या एखाद्यानं त्यांचा स्तूप केला असता आणि काम दोन वर्षं अडवलं असतं. मी पहिलं उत्तर निवडलं, शेऱ्यात लिहिलं ‘अलीकडची पेवं, चौदा’ आणि सही ठोकली.

प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या गुरुवारी मी मुद्दाम गेले. अक्काला अडतीस नंबर मिळाला होता, कोपऱ्याचा. तीन वर्षांत पहिल्यांदा ती मोकळं हसताना दिसली. शेडपुढच्या मातीत तिनं काठीनं घर काढून ठेवलं होतं. इथं मोरी, इथं चूल, इथं म्हशीची जागा.

“म्हस कुठाय?” मी म्हटलं.

“घर झाल्यावर येती. आधी नवरी आणून मग मांडव घालीत न्हाईत,” अक्का म्हणाली. “तू मुकाट्यानं भाकरी खा.”

तेवढ्यात सटवाजीमामा काठी टेकत आले. सगळ्या गावाचे मामा, वय एक्क्याण्णव. तरुणपणी पेवं खांदायची आणि लिंपायची कामं करायचे. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. म्हणून मी मोठ्या हौसेनं टॅब्लेटवर नकाशा दाखवला.

“ही बघा मामा, तुमची पेवं. मळईत चौदा सापडली.”

मामांनी टॅब्लेट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला.

“मळईत? अगं येडे, मळईत कोण पेव खांदतंय?”

“मामा, दिसतात की.”

“दिसू दे! मळईची माती ओल धरती. दोन म्हैन्यात दाण्याचा भुगा व्हतोय. पेव खांदायचं माळाला, मुरमात. पहार मारली की टण्ण वाजली पायजे जमीन. मळईत पेव खांदलं असतं तर गावानं मला गाढवावर बसवलं असतं.” मग अक्काकडे वळून म्हणाले, “मथुरे, तुजी भन लई शिकली म्हंत्यात ना?”

अक्का खदखदून हसली. माझ्या हातातला घास मात्र हातातच राहिला. मला माझ्या आजोबांचं पेव आठवलं होतं, ते कुठं होतं हे आठवलं नव्हतं. ते माळावर होतं.

मी उठून गाडीत जाऊन बसले आणि आकडे पुन्हा काढले. या खेपेला डोळे उघडे ठेवून. चौदा वर्तुळं दोन सरळ ओळींत होती, सात-सात, मधे सारखं अंतर. पेवं कधी ओळीत नसतात, ज्याचा तो सोयीनं खणतो. मग मी यंत्राचं दुसरं उत्तर घेतलं. मोठी वर्तुळं, साडेतीन मीटर खाली. सगळं चपखल बसलं, जुन्या वस्तीतल्या घरोघरच्या विहिरींसारखं. एवढं चपखल की अंगाला घाम फुटला.

जुनं काहीतरी सापडलं याचा तो घाम नव्हता. ते माझं रोजचं काम आहे. पण त्या वर्तुळांच्या डोक्यावर साडेतीन मीटर माती होती. सपाट मळईत एवढी माती माणसं आणून टाकत नाहीत. ती नदीनं आणली असणार. सरकारी नकाशात पुराची निळी रेघ या जागेपासून अर्धा किलोमीटर लांब होती, पण ती नव्वद वर्षांच्या नोंदींवरून काढलेली. त्याआधी नदी कुठवर येत होती ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आणि सोमवारपासून त्या जागी दोनशे बारा घरांचे पाये खणणार होते.

मी पुनर्वसनाच्या इंगोले साहेबांना फोन लावला. सरळ माणूस. तीन वर्षं या गावासाठी खस्ता खाल्लेला.

“साहेब, मी दाखला मागं घेतेय.”

ते म्हणाले, “मॅडम, सोमवारी मशीन लागतंय. सही तुमचीच आहे.”

“माझीच आहे, म्हणून तर मागं घेता येते.”

“वर काय सांगू? भाकरी खाताना शंका आली म्हणून?”

“तसंच सांगा. आणि मला एक खड्डा खणायची परवानगी द्या. एकच. माझं चुकलं असेल तर मी लेखी माफी देते आणि तुम्ही मंगळवारी काम सुरू करा.”

“तुमची चौकशी लागेल हो.”

“लागू दे.”

फोन ठेवला आणि बघते तर अक्का खिडकीशी उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

“म्हंजे घर न्हाई?”

“अक्का, ऐक. तिथं खाली जुनं गाव असेल. आणि त्याच्यावर—”

“जुनं गाव!” तिचा आवाज फाटला. “मेलेल्यांची घरं जपतीस आणि जित्यांची मोडतीस व्हय गं? शेकडो वर्सांमागं मेलेत ते, आणखी दोन वर्सांनी काय बिघडतंय त्यांचं? आमचं बिघडतंय! तू येतीस गाडीतनं, भाकरी खातीस, जातीस. पत्र्यात मी ऱ्हाती.”

“मी पुराचं बोलतेय, अक्का.”

“पुराचं मला शिकवू नकोस.” तिनं मातीत काढलेलं घर पायानं पुसून टाकलं आणि आत गेली. मी हाक मारली, तिनं दार लावून घेतलं. मला रडू आलं आणि रागही आला. राग तिचा नव्हता, माझाच. गुरुवारची भाकरी खायला आले नसते तर चौदा पेवं म्हणून मी सुखानं घरी बसले असते.

शुक्रवारी माझ्या कार्यालयातून तीन फोन आले. पहिल्या दोन साहेबांनी समजावलं, तिसऱ्यानं दरडावलं. मी तिघांनाही एकच सांगितलं, खड्डा झाल्यावर बोलू. दुपारी इंगोल्यांनी परवानगी पाठवली. खाली एक ओळ होती, ‘शनिवार संध्याकाळपर्यंत’.

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही मळईत होतो. जागा कुठली धरायची? वर्तुळं प्लॉटांच्या आखणीत नेमकी कुठं येतात ते मी पाहिलं होतं. त्यातलं एक अडतीस नंबरात होतं. तिथंच धरायची, असं मी ठरवलं. गावाला वाटायला नको की बहिणीचा प्लॉट वाचवला.

खणायला सुरुवात झाली आणि पेव फुटल्यासारखी माणसं जमली. कुणी शिव्या देत होतं, कुणी नुसतं बघत होतं. सरपंचांनी मला रामराम केला नाही. अक्का आली होती, पण लांब, बाभळीखाली.

वरचे तीन मीटर मशीननं पायऱ्या-पायऱ्यांनी काढले. खड्ड्याची उभी भिंत मी खुरप्यानं साफ केली आणि तिथंच अर्धं उत्तर मिळालं. वर हातभर काळी माती. त्याखाली पिवळसर मऊ पोयटा, मग बोटभर वाळू, पुन्हा पोयटा, पुन्हा वाळू. पूर चढताना वाळू टाकतो, ओसरताना पोयटा. एक जोडी म्हणजे एक मोठा पूर. मी अकरा जोड्या मोजल्या.

आता प्रश्न होता, कधीचे पूर? वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते सांगणारं यंत्र आता डब्याएवढं मिळतं. कण अंधारात गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्साराची ऊर्जा त्याच्यात साठत जाते. उजेड दाखवला की तो ती चमकून सोडून देतो. जितकी चमक जास्त, तितका काळ अंधारात गेलेला. सगळ्यात वरच्या थरात नळी ठोकून, उजेड न लागू देता काढलेले कण मी त्यात घातले. तासाभरानं आकडा आला, सुमारे एकशे तीस वर्षं. दुसऱ्याचा तीनशेच्या आतबाहेर. म्हणजे हे पूर देवादिकांच्या काळातले नव्हते. शेवटचा तर गावातल्या म्हाताऱ्यांच्या आज्या-पणज्यांनी पाहिलेला, फक्त निळी रेघ काढणाऱ्यापर्यंत तो पोचला नव्हता. इंगोले साहेब माझ्या खांद्यावरून वाकून आकडा बघत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा आकडा बघितला.

उरलेला अर्धा मीटर मी आणि दोन बायकांनी खुरप्यांनी काढला. चार वाजता कडं लागलं. भाजलेल्या मातीचं, दोघांच्या कवेत मावेल एवढं रुंद. त्याच्याखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं. कड्यांची विहीर. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी घरोघरी असायची तशी. शेजारी चोपलेली जमीन लागली आणि तिच्यावर दगडी पाटा, चार बुटक्या पायांचा. वरवंटा पाट्यावरच होता. कुणी तो उचलून बाजूला ठेवायलासुद्धा थांबलं नव्हतं. त्या सगळ्यावर वीतभर जाडीचा, पोयट्याचा एकच सलग थर.

इंगोले साहेबांनी प्लॉटांचा नकाशा काढला आणि माझ्या वर्तुळांवर धरला. दोन ओळी, मधे रस्ता. “आपल्यासारखीच आखणी केली होती की हो त्यांनी,” ते म्हणाले.

“जागा सपाट, पाणी जवळ, माती मऊ,” मी म्हटलं. “त्यांनाही आवडली, आपल्यालाही.”

तेवढ्यात अक्का खड्ड्यात उतरली. कुणाचा हात न धरता, पायऱ्या-पायऱ्यांनी, पदर खोचून. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पाट्यापाशी बसली आणि त्यावरच्या थरातला मूठभर पोयटा घेऊन तळहातावर चुरडला. पाण्याची बाटली घेतली, चार थेंब टाकले, बोटांनी मळला. मग वास घेतला.

“ह्योच,” ती म्हणाली.

“काय अक्का?”

“ह्योच गाळ. मी घरातनं काढला हुता त्यो. ह्यांच्या कानातनं काढला हुता, नाकातनं काढला हुता. ह्योच वास.” ती हात पुसेना. तसाच पुढं धरून बसून राहिली.

मी तिच्या शेजारी बसले. विद्या असून, यंत्र असून मी या जागेवर सही केली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं. “माझं चुकलं, अक्का,” मी म्हटलं. “गुरुवारी नाही, आधी. सही केली तेव्हा.”

“व्हय, चुकलंच,” ती म्हणाली. तिनं मला माफबिफ केलं नाही.

ग्रामसभा रविवारी सकाळी दहाला भरली. मी आधी सगळं सांगितलं, काही न लपवता. पेवं कशी मानली, पहिलं उत्तर का निवडलं, बहिणीसाठी घाई कशी केली. मग थर सांगितले. शेवटी माळाचं सांगितलं. पूर्वेच्या मुरमाड माळावर नदीच्या गाळाचा मागमूसही नाही, पण ती जागा रानापासून लांब, पाणी चढवून न्यावं लागणार, आणि नव्यानं मोजणी, मंजुरी म्हणजे आणखी दोन वर्षं.

‘दोन वर्षं’ म्हटल्याबरोबर सभा उसळली. “आमच्या हयातीत न्हाई यायचा तसला पूर!” एक जण ओरडला. “एकशेतीस वर्सांनी आला तर आला!” दुसरा म्हणाला, “बाईला पत्र्यात ठिवा म्हैनाभर!” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं काय चुकलं? मी उभीच राहिले. मला बसायला सांगितलं तरी बसले नाही. म्हटलं, “शिव्या द्या, ऐकते. पण या मळईवर माझी सही पुन्हा होणार नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाची आणलीत तर मी या खड्ड्याचा फोटो घेऊन कोर्टात उभी राहीन.”

“आन् मत कुणाचं घ्यायचं? तुजं?” मागून आवाज आला.

“माजं घ्या,” अक्का म्हणाली.

ती बायकांच्या रांगेतून उठून पुढं आली. कमरेच्या पिशवीतून अडतीस नंबरची चिठ्ठी काढली आणि इंगोले साहेबांच्या टेबलावर ठेवली. कागद नीट बसावा म्हणून हातानं दाबला.

“मी द्वारकाची भन म्हणून बोलत न्हाई,” ती म्हणाली. “द्वारकाशी मी बोलतच न्हाई सध्या. पर पत्र्यात आणखी दोन वर्सं काढायची ताकद माज्यात हाय. उन्हाळं दोन, पावसाळं दोन. काढीन. पुन्यांदा गाळात हात घालून माणूस हुडकायची ताकद न्हाई. तुमच्यात असंल तर ऱ्हावा मळईत. तुमच्या नातवंडांस्नी सांगून ठिवा, हुडकायचं कसं ते. मी शिकवीन.”

पुरात पोरगा गेलेली पार्वती उठली आणि तिनं आपली चिठ्ठी अक्काच्या चिठ्ठीवर ठेवली. मग सटवाजीमामांनी बसल्या जागी काठी वर केली. मग एक हात, मग तीन, मग कोण कुणाच्या आधी ते कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मला मोजता येईना. इंगोले साहेबांनी मोजले, दोनदा मोजले, आणि ठरावाच्या वहीत जागेच्या नावापुढचं ‘मळई’ खोडून ‘पूर्वेचा माळ’ असं लिहिलं.